म्हाताऱ्या झेब्राफिशचे मायटोकॉन्ड्रिया: जानेवारी ते सप्टेंबरच्या कामाच्या नोंदी

१० जानेवारी

प्रश्न आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटलो तर परत यायला जागा राहील. झेब्राफिश (प्रयोगशाळेत पाळतात तो पट्ट्यांचा छोटा मासा) म्हातारा झाला की त्याच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे कण, ऑक्सिजन कमी वापरतात का? आणि त्यांच्या पटलांतली मेदाम्लं बदलतात का? बस, एवढंच. मेंदू, हृदय, यकृत यांतलं काही नाही.

गट तीन: ६ महिने, १८ महिने, ३० महिने. झेब्राफिश सरासरी साडेतीन वर्षं जगतो. २००२ साली छापून आलेल्या आयुष्यमोजणीत सगळ्यांत चिवट मासा ६६ महिने टिकला होता. म्हणजे ३० महिन्यांचा मासा जख्खड नाही, पण उतरणीला लागलेला आहे. टर्क्वॉइज किलिफिश घेतला असता तर काम काही महिन्यांत उरकलं असतं. झिम्बाब्वेतल्या गोनारेझूमधून १९६८ साली आणलेल्या त्याच्या वाणाचं आयुष्यच मुळी काही महिन्यांचं. पण त्याची अंडी ओलसर पीटमध्ये झोपवून ठेवावी लागतात, आणि ते तंत्र आमच्यापैकी कुणाच्याच हाताला नाही. एका वेळी एकच नवी गोष्ट शिकायची, असं ठरलं.

आमच्या टाक्यांत इतके जुने मासे नव्हते. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं २८ महिन्यांचे २४ मासे दिले, तेही फुकट. आनंदीआनंद. (ही ओळ मे महिन्यात पुन्हा वाचली तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.)

परवानगीच्या कागदांत अडीच महिने गेले ते वेगळेच. स्वतःचं वेळापत्रक आखताना तेवढे धरून चाला.

२ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न, सरावाच्या तरुण माशांवर. हाताशी उंदराच्या यकृतासाठी लिहिलेली पद्धत होती, तीच शब्दशः वापरली. सुक्रोजच्या थंड बफरमध्ये स्नायू कुटायचा, ६०० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट जोरानं) दहा मिनिटं फिरवून केंद्रकं आणि चोथा खाली बसवायचा, वरचं निवळ काढून ९,००० जी ला पुन्हा दहा मिनिटं फिरवायचं. तळाशी जो तपकिरी ठिपका उरतो तोच माल.

ठिपका मिळाला. ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या चेंबरमध्ये टाकला, इंधन म्हणून ग्लुटामेट आणि मॅलेट दिलं, ऑक्सिजनची रेष हळूहळू खाली उतरू लागली. मग एडीपी दिला, म्हणजे ज्यापासून मायटोकॉन्ड्रिया एटीपी हा ऊर्जेचा रेणू बनवतात तो कच्चा माल. तो मिळाला की ऑक्सिजन झपाट्यानं खर्च व्हायला हवा. रेष तशीच, ढिम्म. एडीपी पडल्यावरचा वेग भागिले एडीपी संपल्यावरचा वेग, हा आमचा आरसीआर. चार-पाच आला तर नमुना धडधाकट. आमचा आला १.३. म्हणजे मायटोकॉन्ड्रिया नव्हेत, त्यांचा लगदा.

दिवसभरात तीन मासे गेले, हाती काही नाही.

५ फेब्रुवारी

चूक सापडली, आणि सांगायलाही लाज वाटावी अशी आहे. चेंबर ३७ अंशांवर लावलेला होता. उंदराची पद्धत, उंदराचं तापमान! आमचे मासे २८.५ अंशांच्या पाण्यात राहतात. पाण्याचं तापमान तेच माशाच्या अंगाचं तापमान, आणि पटलातली मेदाम्लं त्याच तापमानाला बेतलेली असतात. थंडीत पटल घट्ट होऊ नये म्हणून मासा त्यात असंतृप्त मेदाम्लं वाढवतो, उबेत कमी करतो. असं पटल एकदम ३७ ला नेलं की ते गरजेपेक्षा पातळ होतं, प्रोटॉन झिरपायला लागतात, आणि एडीपी असो वा नसो, ऑक्सिजन जळतच राहतो. माझी ढिम्म रेष ती हीच.

चेंबर २८ वर आणला. आरसीआर २.१. अजून वाईटच, पण निदान एडीपी दिला की रेष वळते.

एक उपचूक: तापमान बदललं की सुरुवातीचा ऑक्सिजनचा आकडाही बदलावा लागतो. हवेनं संपृक्त साध्या पाण्यात ३७ अंशांना लिटरमागे साधारण २१० मायक्रोमोल ऑक्सिजन असतो, २८ ला साधारण २४५. क्षारांच्या बफरमध्ये याहून थोडा कमी. मी अर्धा दिवस जुन्याच आकड्यावर हिशोब करत होतो.

११ फेब्रुवारी

आज कुटण्याची पाळी. आमचा टेफ्लॉनचा दांडा मोटरला जोडलेला आहे. मोटर सुरू केली की काम अर्ध्या मिनिटात होतं, म्हणून सगळ्यांना प्रिय. पण बाहेरचं पटल शाबूत आहे का हे तपासायला चेंबरमध्ये थोडं सायटोक्रोम सी (दोन पटलांच्या मधे राहणारं, श्वसनाला लागणारं छोटं प्रथिन) टाकलं, तर श्वसनाचा वेग एकदम ४० टक्क्यांनी वाढला. शाबूत मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलातून सायटोक्रोम सी आत जाऊ शकत नाही, त्यामुळे वेग जवळपास जागचा हलायला नको. म्हणजे मोटरनं भिंती पाडल्या होत्या आणि आतलं सायटोक्रोम सी वाहून गेलं होतं.

मोटर बंद. बर्फात नळी रोवून हातानं कुटायला घेतलं. हे शब्दांत सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. पहिल्या दोन फेऱ्यांना दांडा अडतो, स्नायूचे तंतू काचेच्या भिंतीला चिकटून राहतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला दांडा खाली जाताना खरखर जाणवते. सहाव्याच्या आसपास ती खरखर संपते आणि दांडा ताकातून फिरल्यासारखा जातो. तिथं थांबायचं. चार तंतू तसेच राहिले तरी राहू द्यायचे, पहिल्या फिरवणीत ते खाली बसतात. दांडा वर ओढताना सावकाश. झटक्यानं ओढला की खाली पोकळी होते, फेस येतो, आणि फेस आला की माल गेला असं समजा.

आणि कुटण्याआधी स्नायू बर्फावरच्या काचेवर कात्रीनं अगदी बारीक करून घ्यायचा. हे एक मिनिट वाचवायला गेलो की पुढे दहा फेऱ्या जास्त लागतात.

आरसीआर ४.४. सायटोक्रोम सी नं वाढ फक्त ६ टक्के. आज लवकर घरी.

१९ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यातले सात मासे वाया गेले. सातही.

लक्षण असं: दिवसातला पहिला रन उत्तम, दुसरा मेलेला. पहिला ग्लुटामेटवर असतो, दुसरा सक्सिनेटवर, तिसरा पुन्हा ग्लुटामेटवर. सक्सिनेटच्या रनला कॉम्प्लेक्स १ (मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीतला पहिला प्रथिनसमूह) बंद ठेवायला रोटेनोन हे विष देतो, प्रत्येक रनच्या शेवटी अँटिमायसिन हे दुसरं विष देऊन कॉम्प्लेक्स ३ बंद करतो आणि उरलेला ऑक्सिजन-खर्च वजा करतो. आधी वाटलं, बर्फावर ठेवलेले मायटोकॉन्ड्रिया तासाभरात शिळे होत असतील. मग उलट क्रमानं केलं, तरी दुसरा रन मेलेलाच.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "चेंबर कशानं धुता?" पाण्यानं. तीन वेळा. त्या हसल्या.

रोटेनोन आणि अँटिमायसिन पाण्यात विरघळत नाहीत. ते चेंबरच्या प्लास्टिकला आणि बुचाला चिकटून बसतात आणि पुढच्या रनला हळूहळू सुटतात. आता नियम असा: पाणी, मग ७० टक्के अल्कोहोल, मग शुद्ध अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं, मग पुन्हा पाणी तीनदा. आणि बाईंची खास युक्ती: पहिल्या फिरवणीतला चोथा फेकून न देता त्यानंच चेंबर पाच मिनिटं विसळायचा. त्यातले मोडके मायटोकॉन्ड्रिया उरलेसुरले विष स्वतःकडे ओढून घेतात. आम्ही ज्याला कचरा म्हणत होतो तो आता जपून ठेवतो.

त्याच दिवशी शून्य ऑक्सिजन दाखवायला टाकलेलं डायथायोनाइट नीट न धुतल्यामुळे आणखी एक रन गेला. त्यावर जास्त लिहीत नाही.

३ मार्च

दर मिलिग्रॅम प्रथिनामागे किती ऑक्सिजन, असा आकडा द्यायचा असतो. आमचे आकडे अपेक्षेच्या निम्मेही येईनात, आरसीआर मात्र उत्तम. याचा अर्थ मायटोकॉन्ड्रिया ठीक आहेत, भागाकार चुकतोय.

बफरमध्ये अर्धा टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आहे. मोकळी मेदाम्लं पटलाला भोकं पाडू नयेत म्हणून ती शोषून घ्यायला घालतात. पण बीएसए स्वतःच प्रथिन! ठिपक्यासोबत अडकून येतं आणि प्रथिनमापनात मोजलं जातं. उपाय म्हणजे शेवटची दोन धुणी बीएसए नसलेल्या बफरनं. प्रथिनाचा आकडा एक-तृतीयांशाहूनही खाली आला.

दुसरं, मेदाम्लं मोजायची असतील तर बीएसए मेदाम्लमुक्तच हवा. साध्या बीएसएला बाहेरची मेदाम्लं चिकटलेली असतात आणि ती तुमच्या माशाच्या नावावर खपतात. आमची बाटली कुठली आहे हे पाहायला आज पहिल्यांदा लेबल वाचलं. नशीब, मेदाम्लमुक्त निघाली.

प्रथिनावर एकट्यावर विसंबायचं नाही असंही ठरवलं. प्रत्येक नमुन्याची सायट्रेट सिंथेज विकराची क्रिया ४१२ नॅनोमीटरला मोजायची. हे विकर मायटोकॉन्ड्रियाच्या आत असतं, त्यामुळे मायटोकॉन्ड्रिया किती आहेत याचा अंदाज देतं. हे पुढे फार कामी आलं.

१४ मार्च

झेब्राफिशच्या अंगातला बहुतेक स्नायू पांढरा असतो आणि त्यात मायटोकॉन्ड्रिया मोजकेच. संथ पोहण्याचा तांबूस स्नायू मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेला, पण तो म्हणजे कुशीच्या मधोमध, कातडीच्या लगेच खाली असलेली एक चिंचोळी पट्टी. कातडी सोलली की ही पट्टी कातडीबरोबर निघून जाते. कधी अर्धी, कधी सगळी, कधी अजिबात नाही. सोलणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

जुन्या वहीत पाहिलं तर माझ्या नमुन्यांत सायट्रेट सिंथेज दीडपट-दुपटीनं कमी-जास्त आहे. दुसऱ्या दिवशी सोललेल्यांत नेहमी जास्त. वय नव्हे, कातडी. सोबतीनं सोललेले नमुने तर आणखी निराळे.

आता सोलायचंच नाही. खवले खरवडून, कातडीसकट दोन्ही कुशी पाठीच्या कण्यापासून कापून काढायच्या, पर आणि पोटाकडची किनार टाकून द्यायची. कातडी कुटताना चिवट चोथा जास्त निघतो, बारीक कापायला दुप्पट वेळ लागतो, पण पट्टी प्रत्येक माशात असते. सरावाचे मासे आतापर्यंत २२ झाले. एवढे लागतील असं अर्जात लिहिलं नव्हतं. तुम्ही लिहा.

९ एप्रिल

पहिली खरी तुकडी संपली, दर गटाचे आठ मासे. एका माशातून जेमतेम दोन रनपुरता माल निघतो. उरलेलं मेदाम्लांसाठी बाजूला काढलं, पण एका माशाचं पुरत नाही, म्हणून दोन-दोन माशांचं एकत्र. म्हणजे ऑक्सिजनचे आठ आकडे आणि मेदाम्लांचे चारच. हे जानेवारीतच कळायला हवं होतं.

एक घोळ आत्ताच कबूल करतो. सोयीसाठी तरुण मासे पहिल्या आठवड्यात केले आणि म्हातारे शेवटच्या. तोवर माझा हात बसला होता.

२२ एप्रिल

मेदाम्लं काढायला क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल २:१. सोबत चिमूटभर बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन), नाहीतर डीएचएसारखी (एक ओमेगा-३ मेदाम्ल) नाजूक मेदाम्लं हवेतच खराब होतात. वाळवायचं नायट्रोजनखाली. मग मिथाइल एस्टर करून गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे एकेक मेदाम्ल वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर.

पहिल्याच आलेखात दोन शिखरं अशी की कुठल्याही मेदाम्लाशी जुळेनात. माशाविना नुसतं द्रावण चालवलं, तरी ती हजर. क्लोरोफॉर्म आम्ही प्लास्टिकच्या नळ्यांत घेत होतो, आणि प्लास्टिकमधली भर क्लोरोफॉर्ममध्ये उतरत होती. सगळं काचेत, टेफ्लॉनच्या झाकणांसह, पुन्हा. सुदैवानं निम्मा माल जपून ठेवला होता. कोरा नमुना पहिल्याच दिवशी चालवला असता तर दहा दिवस वाचले असते.

६ मे

काय आलेख आहेत! म्हाताऱ्या माशांच्या मायटोकॉन्ड्रियात डीएचए तरुणांपेक्षा ९ टक्क्यांनी कमी, म्हणजे एकूण मेदाम्लांत दर शंभरामागे नऊ भाग कमी. त्याजागी लिनोलेइक आणि ओलेइक आम्ल. पेरॉक्सिडेशन निर्देशांक, म्हणजे मेदाम्लं ऑक्सिजननं किती सहज खराब होतील याचा आकडा, धाडकन खाली.

निर्देशांक कसा काढतात ते एकदा लिहितो, कारण इथं घोटाळा होतो. एक दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांचा टक्का गुणिले ०.०२५, दोन बंधांचा गुणिले १, तीनचा २, चारचा ४, पाचचा ६, सहाचा ८, आणि सगळ्यांची बेरीज. डीएचएला सहा दुहेरी बंध, म्हणून त्याचं वजन ८. तीन टक्के डीएचए जाऊन तीन टक्के ओलेइक आलं तर बेरीज २४ नं उतरते आणि भरपाई होते ०.०७५ ची. म्हणजे हा निर्देशांक बव्हंशी डीएचएच बोलतो. बाकीची मंडळी कोरसमध्ये.

संध्याकाळी तिघांनी मिळून आलेख भिंतीवर लावला. ऑक्सिडेशनला सोपी मेदाम्लं वयानुसार झिजून जातात, किंवा मासाच ती काढून टाकतो, अशी दोन स्पष्टीकरणंही तयार होती.

८ मे

मॅडमनी आलेख पाहिला, लिनोलेइकच्या शिखरावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "यांचं खाणं काय होतं?"

लिनोलेइक आम्ल म्हाताऱ्यांत जवळजवळ दुप्पट. मासा ते स्वतः तयार करत नाही, ते खाण्यातून येतं. वय वाढलं म्हणून लिनोलेइक कुठून टपकणार?

ज्यांनी मासे दिले त्यांना फोन केला. त्यांचं खाणं: आर्टेमियाची पिल्लं आणि वनस्पती तेल घातलेले कोरडे दाणे. आर्टेमियात मुळातच डीएचए नगण्य असतं. आमचे मासे माशांच्या भुकटीच्या दाण्यांवर वाढलेले. वर त्यांची खोली २६ अंशांवर, आमची २८.५ वर. थंड पाण्यातल्यांत उलट असंतृप्त मेदाम्लं थोडी जास्त सापडायला हवीत, तरी त्यांच्यात कमी. म्हणजे खाण्याचा प्रभाव किती मोठा असेल बघा. जानेवारीपासून ते आमच्याकडे होते, पण सोबत आलेला त्यांचा जुना दाणाच आम्ही चालू ठेवला होता. का? बदल केला तर म्हाताऱ्या माशांना ताण येईल म्हणून!

भिंतीवरचा आलेख काढला. आम्ही दोन दाण्यांची तुलना केली होती, वयाची नाही.

९ मे ते १५ जुलै

उरलेले १६ म्हातारे मासे आमच्या पाण्यात, आमच्या दाण्यावर. तरुण गटासाठी चार महिन्यांचे मासे शेजारच्या टाकीत, त्याच पिशवीतल्या दाण्यावर, म्हणजे जुलैत ते सहा महिन्यांचे होतील. खाण्याची मेदाम्लं पटलात मुरायला आठवडे लागतात. आम्ही नऊ आठवडे दिले.

मधला १८ महिन्यांचा गट सोडून दिला. माणसं पुरेनात. हा निर्णय मला अजून सलतो, कारण दोन बिंदूंतून कुठलीही रेष काढता येते.

या नऊ आठवड्यांत म्हाताऱ्यांपैकी चार मेले. दोघांचे कणे आधीपासूनच वाकलेले होते. उरले ते बारा, म्हणजे बाराही टिकाऊ. आता आमचा म्हातारा गट म्हणजे खरं तर ३४ महिन्यांपर्यंत तगलेल्यांचा गट आहे, आणि जे आकडे येतील ते धडधाकट म्हाताऱ्यांचे.

१२ जून

थांबलोच आहोत तर मेदाच्या ऑक्सिडेशनची थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी बसवून घेतली. ५३२ नॅनोमीटरला गुलाबी रंग मोजायचा. आमच्या नळ्या नारिंगी. माशाशिवायचा नुसता बफरही पिवळट. साखर! बफरमधलं सुक्रोज गरम केल्यावर याच आम्लाशी रंग देतं. शेवटचं धुणं सुक्रोजऐवजी पोटॅशियम क्लोराइडच्या बफरनं घेतलं तेव्हा कुठे गुलाबी दिसला. तरीही ही चाचणी भरवशाची वाटत नाही, फक्त दोन गटांत फरक आहे का एवढंच तीवरून पाहायचं.

२० जुलै ते ७ ऑगस्ट

दुसरी खरी तुकडी. या वेळी दररोज दोन तरुण आणि दोन म्हातारे, क्रम चिठ्ठ्या टाकून. दोन्ही गटांत नर-माद्या निम्म्या-निम्म्या, कारण मादी अंड्यांत भरपूर मेद ओतते. पहिल्या तुकडीत याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. नळ्यांवर फक्त अंक, किल्ली सोबतीकडे. एका दिवशी सेंट्रिफ्यूजचं थंडावणं बंद पडलं. चार मासे गेले, दोन तरुण, दोन म्हातारे. म्हणजे दहा-दहा उरले, मेदाम्लांचे पाच-पाच.

१९ ऑगस्ट

किल्ली उघडली.

डीएचएमधला ९ टक्क्यांचा फरक २ टक्क्यांवर आला. निर्देशांक म्हाताऱ्यांत थोडा खाली, पण पाच-पाच जोड्यांवर छातीठोकपणे सांगावं असं काही नाही. लिनोलेइक दोन्हींत सारखं, म्हणजे दाण्याचा बंदोबस्त तरी झाला.

ऑक्सिजनचं चित्र जास्त रंजक. ग्लुटामेट-मॅलेटवर, एडीपी दिल्यावर, म्हाताऱ्यांचा वेग साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी. सक्सिनेटवर मात्र फरक नाही. सक्सिनेट कॉम्प्लेक्स १ ला वळसा घालून थेट कॉम्प्लेक्स २ मधून आत जातं, त्यामुळे अडचण कॉम्प्लेक्स १ वर किंवा त्याच्या अलीकडे असावी. किलिफिशवरच्या २०१६ च्या कामातही आयुष्यमानाशी जोडलेलं नाव याच कॉम्प्लेक्सचं होतं. पण तिथं कॉम्प्लेक्स १ ची जनुकं तरुणपणी कमी चालत असलेले मासे जास्त जगले होते, म्हणजे गोष्ट वेगळी आहे. उगाच साम्य ओढून आणणार नाही. एडीपी संपल्यानंतरचा झिरपण्याचा वेग दोन्ही गटांत सारखा. म्हातारी पटलं गळतात, ही आमची अटकळ निदान या माशांत खरी ठरली नाही.

आणि सायट्रेट सिंथेज: कुटलेल्या स्नायूच्या दर मिलिग्रॅममागे म्हाताऱ्यांत कमी. म्हणजे औताला बैलही कमी आहेत आणि आहेत त्यांतले काही दमलेले. नुसत्या प्रथिनावर भागाकार केला असता तर यातलं पहिलं दिसलंच नसतं, कारण वेगळे काढलेले मायटोकॉन्ड्रिया मोजताना स्नायूत ते मुळात किती होते हे हरवून जातं.

एप्रिलचे ऑक्सिजनचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. तिथं म्हातारे तरुणांपेक्षा वरचढ होते! शेवटच्या आठवड्यातला माझा बसलेला हात.

३० ऑगस्ट

कार्डिओलिपिन वेगळं करायचा प्रयत्न. आतल्या पटलाचं खास फॉस्फोलिपिड, याला दोनऐवजी चार मेदाम्लांच्या शेपट्या. वयाचा परिणाम कुठे दिसला तर इथं दिसेल असं वाटत होतं. सगळा उरलेला म्हातारा माल एकत्र करून पातळ थराच्या काचेवर चालवला, पट्टी सुरेख वेगळी झाली. खरवडायला उशीर झाला म्हणून काच रात्रभर कपाटात, हवेत. सकाळी काढलेल्या नमुन्यात डीएचए जवळपास नाहीच. हे म्हातारपण माशाचं नव्हे, काचेचं. पट्टी दिसताच, काच ओलसर असतानाच खरवडा आणि लगेच बीएचटी घातलेल्या द्रावणात टाका.

माल संपला.

१२ सप्टेंबर

आज सकाळच्या अंड्यांतून साधारण १५० धडधाकट अंडी वेगळी काढली. पिल्लं फुटली की तीन टाक्यांत, एकाच दाण्यावर, २८.५ अंशांवर. टाक्यांवर दाण्याच्या पिशवीचं लेबल कापून चिकटवलंय, आणि पिशवी बदलली की नवं लेबल जुन्याच्या शेजारी लावायचं, झाकायचं नाही, असं लिहिलंय. ही पिल्लं ३० महिन्यांची होतील तेव्हा मार्च असेल, दोन वर्षं सोडून तिसऱ्या वर्षाचा. तोवर मी इथं नसेन बहुतेक. वही टाकीच्या खालच्या कप्प्यात आहे.